चंद्र, वाळवंटातलं एक गाव आणि न लिहिलेली तारीख



मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला आलेल्या एमएस्सीच्या एका मुलाने विचारलं, "ताई, इमेजचा कॉन्ट्रास्ट वाढवला तर ती फसवणूक होते का?" मी पटकन "अवलंबून आहे" म्हणाले आणि तो बिचारा आणखीनच गोंधळला. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. उदाहरण मात्र मायक्रोस्कोपचं नाही, एका लँडस्केप फोटोचं घेतलंय: ॲन्सेल ॲडम्सचा 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको'. नेटवर सहज सापडेल. आधी तो उघडा, दोन मिनिटं बघा आणि मगच पुढे वाचा.

काय दिसलं? वरचं निम्म्याहून जास्त चित्र काळ्या आकाशाने व्यापलंय. त्यात छोटासा, पूर्ण गोल नसलेला चंद्र. खाली ढगांचा पांढरा पट्टा, बर्फाच्छादित डोंगर आणि अगदी तळाशी एक लहानसं गाव: चर्च, मातीची घरं, झुडपं आणि उन्हात चमकणारे स्मशानभूमीतले पांढरे क्रूस. बहुतेकांना हा रात्रीचा फोटो वाटतो. तो रात्रीचा नाही. सूर्य अजून मावळलेलाही नव्हता. क्रूसांवर ऊन आहे ते उगीच नाही! आणि नाव 'मूनराइज' असलं तरी चंद्रही नुकता उगवलेला नाही, डोंगरांच्या बराच वर आलाय. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लँडस्केप फोटोंपैकी एक आपल्याला पहिल्याच नजरेत दोनदा चकवतो.

मग तो खोटा आहे का? हे ठरवण्याआधी तो कसा काढला ते बघू.

१९४१ च्या शरदात ॲडम्स अमेरिकेच्या गृह खात्यासाठी, म्हणजे तिकडच्या जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्यासाठी, फोटो काढत फिरत होता. सोबत मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट. चामा नदीच्या खोऱ्यात दिवसभर मनासारखं काही मिळालं नव्हतं. परतताना रस्त्याच्या कडेला हे दृश्य दिसलं आणि त्याने गाडी थांबवली. ८ बाय १० इंच फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण प्रकाश मोजायचं मीटर काही सापडेना. ऊन तर क्रूसांवरून सरकायला लागलेलं.

इथे त्याने जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतं. चंद्राच्या पृष्ठभागाची प्रखरता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्याला पाठ होतं. आता विचार करा, चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडकच. त्याच्यावर पडणारं ऊन आपल्या गावातल्या संध्याकाळीप्रमाणे कमी-जास्त होत नाही. त्यामुळे समोरच्या दृश्यातली खात्रीची अशी एकच संख्या त्याच्या हातात होती.

पुढचं गणित तुम्हीही करू शकता. फिल्मची स्पीड ६४, तिचं वर्गमूळ ८. ॲडम्सच्या नियमाप्रमाणे एफ ८ वर १/२५० सेकंद दिला तर चंद्र मधल्या करड्या रंगाचा येईल. त्याला चंद्र उजळ हवा होता, म्हणून दोन स्टॉप जास्त: साधारण १/६० सेकंद. भिंगावर गडद पिवळा फिल्टर होता, त्यासाठी तिप्पट: १/२० सेकंद. जवळच्या झुडपांपासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून छिद्र एफ ३२ पर्यंत लहान केलं, म्हणजे चार स्टॉप, सोळापट वेळ. उत्तर ०.८ सेकंद. त्याने एक सेकंद दिला. (एवढ्या वेळात चंद्र हलणार नाही का? हलतो, साधारण १५ आर्कसेकंद. पण त्याचा व्यास सुमारे १८०० आर्कसेकंद आहे, त्यामुळे एक टक्काही फरक पडत नाही.)

एक फिल्म झाली. दुसरी घ्यायला त्याने होल्डर उलटा केला तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. हातात एकच निगेटिव्ह.

आता टीकेचा भाग. या फोटोची स्तुती करणारे "तो एक क्षण" असं म्हणून थांबतात. मला वाटतं, अर्धी गोष्ट तिथेच निसटते. आपण बघतो ते काळं आकाश त्या क्षणात नव्हतं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, त्यात ढगांच्या पुसट रेघाही दिसतात. पुढच्या काही दशकांत ॲडम्सने याच निगेटिव्हचे हजाराहून जास्त प्रिंट काढले आणि डार्करूममध्ये कागदाच्या त्या भागाला जास्त प्रकाश देत देत आकाश गडद करत नेलं. शेवटी ढगांच्या रेघा गेल्याच. १९४८ मध्ये तर त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून गावाचा कॉन्ट्रास्टही वाढवला.

मला विचाराल तर करड्या आकाशाचे जुने प्रिंट जास्त चांगले वाटतात. त्यात संध्याकाळ आहे. गावात अजून कुणीतरी कामं आटपतंय असं वाटतं. काळ्या आकाशाच्या प्रिंटमध्ये भव्यता येते, पण गाव चंद्राखाली मांडलेल्या देखाव्यासारखं दिसायला लागतं. ही माझी आवड झाली, तुमचं मत वेगळं असू शकतं. पण याला फसवणूक मी म्हणणार नाही, कारण ॲडम्सने काहीच लपवलं नाही. मीटर न सापडणं, फिल्टर, एक्स्पोजर, निगेटिव्हवरची प्रक्रिया, सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तो मुळात पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन, असं तो मानायचा.

आणखी एक गोष्ट इथे नीट बघा. पिवळ्या फिल्टरने आकाशाचा निळा प्रकाश फिल्मवर पोचण्याआधीच बराचसा अडवला होता. म्हणजे निगेटिव्हसुद्धा "जसं होतं तसं" नाही. आपण ज्याला रॉ डेटा म्हणतो त्यातही फिल्टर, डिटेक्टर, सेटिंग हे आपले निर्णय आधीच शिरलेले असतात. त्यामुळे "मी इमेजला हातच लावला नाही" हा बचाव पुरेसा नाही. काय केलं ते सांगितलंय का, आणि मूळ शाबूत आहे का, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

ॲडम्स चुकला तो दुसरीकडेच. एवढं सगळं नोंदवणाऱ्या माणसाने तारीख लिहिली नाही! पुढे तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं साल देत राहिला. हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. सरकारी कामाच्या दिवशी काढला असेल तर फोटो सरकारचा, नाहीतर त्याचा. शेवटी खगोलशास्त्र मदतीला आलं. चंद्राची कला आणि आकाशातली जागा फोटोत नोंदलेली होतीच. डेव्हिड एलमोर यांनी त्यावरून ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. नंतर डेनिस डी चिको यांनी पुन्हा खोलात जाऊन तपासलं आणि १९९१ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात दुरुस्ती दिली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. सूर्यास्ताच्या थोडं आधी, आणि आपल्या भाषेत त्रयोदशीच्या आसपासचा चंद्र. त्या दिवसाचं बिल ॲडम्सने खात्याला लावलेलं नव्हतं, म्हणजे फोटो त्याचाच. पण एका ओळीत लिहून होणाऱ्या गोष्टीसाठी पन्नास वर्षं गेली, आणि तोवर ॲडम्स हयातही नव्हता.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझंही झालंय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पेपरवर रिव्ह्यूअरने एका मायक्रोस्कोप इमेजची मूळ फाइल मागितली. माझ्याकडे होती ती 'फायनल_२_नवीन' नावाची, कॉन्ट्रास्ट वाढवून कडा कापलेली. मूळ फाइलवरच मी सेव्ह केलं होतं. कुठलं सॅम्पल, कोणत्या दिवशी, किती मॅग्निफिकेशन, वहीत काहीच नाही. मी खोटं काही केलं नव्हतं, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि माझ्या इमेजमध्ये चंद्रही नव्हता तारीख काढायला. ती आकृती काढून टाकली, सॅम्पल पुन्हा बनवली, तीन महिने गेले. गाइड रागावले नाहीत, फक्त "वही कुठाय?" एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

ॲडम्सकडे एकच निगेटिव्ह होती आणि १९४८ ची प्रक्रिया उलटवणं शक्य नव्हतं. कॉपी काढली तर दर्जा घटायचा. आपल्याला तर बिनघट कॉपी फुकटात मिळते, त्यामुळे आपल्याला सबब नाही.

तर त्या मुलाला आता माझं पूर्ण उत्तर असं आहे. कॉन्ट्रास्ट वाढव, पण पूर्ण इमेजवर सारखा वाढव. ॲडम्सने आकाश एकीकडे आणि गाव एकीकडे हाताळलं. कलेत ते चालतं, पण मोजमाप म्हणून दाखवायच्या इमेजमध्ये चालत नाही. काय केलंस ते आकृतीखाली लिही. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिला हात लावू नकोस. आणि इमेज घेतल्या घेतल्या, चहाला जायच्या आधी, वहीत तारीख टाक.

तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. फोनमधला सूर्यास्ताचा एक जुना फोटो उघडा. आकाशाचा रंग खरंच तसा होता का, की फोननेच तो गडद केला? फाइलच्या माहितीत तारीख-वेळ आहे की व्हॉट्सॲपवरून फिरून आल्यामुळे गेलीय? काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या वेळी वही कशी ठेवायची त्यावर बोलू.