मूळव्याधीवरील पारंपरिक वनौषधी : ग्रंथप्रामाण्य आणि प्रयोगसिद्ध पुरावा

मूळव्याधीवरील वनौषधींचे मूल्यमापन करताना ग्रंथप्रामाण्य आणि प्रयोगसिद्ध पुरावा यांची अनेकदा गल्लत होते. सुरणाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. संस्कृत निघंटूपरंपरेत सुरणास ‘अर्शोघ्न’ म्हटले आहे. या नावावरून त्याच्या वापराची प्राचीनता सिद्ध होते. गुणकारिता मात्र स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

इसबगोलाची स्थिती याहून वेगळी आहे. त्याचे नाव फारसी असून त्याच्या उपयोगाचे नाते प्रामुख्याने युनानी वैद्यकाशी आहे. भुशी पाणी शोषून फुगते, मळ मऊ होतो आणि कुंथणे कमी होते. कॉक्रेनच्या 2005 मधील आढाव्यात तंतुमय पूरकांच्या 7 चाचण्या व 378 रुग्ण विचारात घेतले गेले. रक्तस्राव टिकून राहण्याचा धोका त्यात सुमारे निम्म्याने घटलेला दिसला. चाचण्या लहान असल्या, तरी हा निष्कर्ष दखलपात्र आहे. घरगुती म्हणून दुर्लक्षित राहणाऱ्या द्रव्यामागे असा आधार असावा, हे लक्षणीय होय.

क्षारसूत्राबाबत गल्लत अधिक गंभीर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत शस्त्रक्रियेच्या तुलनेत क्षारसूत्राने जखम भरण्यास अधिक काळ लागला, परंतु पुनरुद्भव कमी आढळला. ही चाचणी भगंदराची होती. तिचा निष्कर्ष मूळव्याधीस लावणे शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य ठरत नाही.

वास्तविक परंपरेने स्वतःची मर्यादा ओळखली होती. सुश्रुतसंहितेत अर्शावर भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले असून, भेषजाचे क्षेत्र अल्पकालीन व अल्पदोषयुक्त व्याधीपुरते मर्यादित केले आहे. सर्व अवस्थांत एकच काढा पुरेसा मानणे हे आधुनिक चाचण्यांशी तर विसंगत आहेच, ग्रंथांशीही ते विसंगत आहे.

या विवेकाचे मोल रुग्णाला चुकवावे लागते. गुदमार्गे होणारा रक्तस्राव दरवेळी मूळव्याधीचाच असतो असे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही ते लक्षण असू शकते. संकोचापोटी तपासणी टाळून महिनोन्महिने चूर्ण घेत राहिल्यास निदानाची मोलाची वेळ निघून जाते. म्हणून निदान प्रथम, अवस्थेचा निर्णय त्यानंतर आणि औषधाची निवड शेवटी, हाच क्रम वनौषधींच्या अभ्यासकांनीही स्वीकारणे अगत्याचे आहे. परंपरेचा खरा आदर तिच्या काटेकोर परीक्षणातूनच व्यक्त होतो.