पाण्यावरून वाचायचं शहर

माल्टाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिडाच्या होडीनं शिरावं, आणि तेही सकाळी. लाटा अडवणारे बांध ओलांडले की हेलकावे थांबतात, आणि उजव्या हाताला उन्हात व्हॅलेटा उभं असतं. आधी दिसतो तो रंग. बेटाचा कडा आणि त्यावरचा तट एकाच पिवळसर चुनखडीचे. बऱ्याच ठिकाणी कडाच तासून त्याची भिंत केलेली, त्यामुळे खडक कुठं संपला आणि गवंड्याचं काम कुठं सुरू झालं, ते पाण्यावरून चटकन उमगत नाही. मोठ्या क्रूझ जहाजाच्या वरच्या डेकवर ही मौज हरवते. तिथून दिसतात गच्च्या. बुरूज रचलेला असतो तो खालून पाहणाऱ्याला दबकवण्यासाठी.

ही जरब आली १५६५च्या वेढ्यातून. तुर्कांनी आजच्या व्हॅलेटाच्या टोकावरचा सेंट एल्मो किल्ला घेतला, पण समोरची बिर्गू आणि सेंगलीया ही गावं त्यांना घेता आली नाहीत. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ला, माल्टावर राज्य करणाऱ्या सरदारांचा प्रमुख ला व्हालेत यानं उघड्या डोंगरसोंडेवर नव्या शहराची पायाभरणी केली. आखणी फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन इंजिनिअरची. सोंड छाटून सपाट करायची, असा त्याचा बेत होता. तुर्क परत येतील या धास्तीनं तो अर्धवट राहिला. बरंच झालं म्हणायचं! कागदावरचे काटकोनी रस्ते तसेच्या तसे उंचसखल पाठीवर अंथरले गेले, म्हणून आडव्या गल्ल्या पायऱ्या होऊन दोन्हीकडे समुद्राकडे उतरतात. वर लाकडी, बंदिस्त, रंगीत सज्जे; गल्लीच्या तोंडाशी निळं पाणी. फुटपट्टी आणि डोंगर यांची ही न मिटलेली कुरबुर मला त्या प्रसिद्ध तटापेक्षाही मोलाची वाटते.

होडी बांधावी मात्र पलीकडे, बिर्गूला. आज जिथं याटी लागतात, त्या खाडीचं तोंड वेढ्यात लोखंडी साखळीनं बंद केलं होतं. शेजारच्या सेंगलीयाच्या टोकावर दगडी टेहळणी घुमटी आहे. तिच्यावर डोळा आणि कान कोरलेत. एवढ्या प्रचंड तटबंदीनं जे सांगितलं, ते या चिमुकल्या घुमटीनं दोन अवयवांत उरकलं. अलंकरणात इतका नेमकेपणा क्वचित सापडतो.

निघताना सेंट एल्मोला वळसा घालून पलीकडच्या मार्सामशेट बंदराच्या बाजूनंही जावं. पोस्टकार्डांवरचं व्हॅलेटा हेच: कार्मेलाइट चर्चचा अवाढव्य घुमट आणि त्याला खेटून अँग्लिकन चर्चचा सुळका. घुमट दुसऱ्या महायुद्धानंतरचा, सुळका ब्रिटिश अमदानीतला. जोडी देखणी आहे, नाकारत नाही. पण नजर तिच्याकडेच जाते आणि खालचा तट नुसता चौथरा होऊन बसतो. ग्रँड हार्बरकडून तसं होत नाही. तिथं तटच नायक आहे.