‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा आणि आचरण
लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची समीक्षा बहुधा विनोद व निवेदनशैली यांभोवतीच फिरते, त्यातील धर्माचरणाचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दीर्घ ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक व पाणी वेगळेच होते. वडिलांच्या सोवळ्याचा जाच बालपणी सोसूनही तो संस्कार त्यांच्यात मुरला होता. जातिभेद मानवनिर्मित असल्याची खात्री पटल्यावर त्यांनी प्रथम अन्नपाण्यातील विटाळ सोडला; बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराचा विधी होण्यापूर्वीच त्याचा अर्थ स्वयंपाकघरात सिद्ध झाला होता. स्वतःचे अडखळणे न लपविणारे हे निवेदन म्हणूनच प्रामाणिक श्रद्धेचा विश्वसनीय दस्तऐवज ठरते.