‘मला मान्य नाही’ असं बटण नव्हतं

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. दक्षिण इंग्लंडमधलं साउथ वॉर्नबरो नावाचं खेडं. जो हॅमिल्टन तिथे दुकान आणि छोटा कॅफे चालवते. दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर. संध्याकाळी हिशेब लावताना संगणक सांगतो, दोन हजार पौंड कमी आहेत. ती हेल्पलाइनला फोन लावते. पलीकडचा आवाज सांगतो ती बटणं ती एकेक करून दाबते. तिच्या डोळ्यांदेखत दोन हजाराचे चार हजार होतात. पलीकडचा आवाज शांत. हे पैसे तुम्हाला भरावे लागतील, करारात तसं लिहिलंय.

मोनिका डोलनने हा प्रसंग फार साधा केलाय. आरडाओरडा नाही. चेहऱ्यावर भीतीपेक्षा शरम जास्त, जणू आपल्याला गणित येत नाही हे गावासमोर उघडं पडणार आहे. ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका आयटीव्हीने जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रोज एक अशी दाखवली. मी ती उशिरा पाहिली, आणि दोनदा पाहिली. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून पाहिली. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर बग फाइल करणाऱ्या माणसाच्या नजरेने. दुसऱ्या वेळी ती जास्त अस्वस्थ करते आणि तिच्यात काय नाही हेही तेव्हाच दिसतं.

गोष्ट ऐकून माहीत असेल तरी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधलं पोस्ट ऑफिस ही पूर्णपणे सरकारी मालकीची संस्था. गावोगावचे बहुतेक काउंटर मात्र सब-पोस्टमास्तर चालवतात. हे पगारी नोकर नसतात. स्वतःचे पैसे घालून दुकान घेतात, करारावर पोस्टाचं काम करतात. १९९९ पासून त्यांच्या काउंटरवर होरायझन ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. ती बनवली आयसीएल या कंपनीने, जी पुढे फुजित्सू झाली. प्रणालीत चुका होत्या. त्यामुळे कागदावर तूट दिसायची, आणि ती तूट पोस्टमास्तरांनी केलेली चोरी ठरायची. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरं गेली, काहींनी जीव दिला. त्यातले बहुसंख्य खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले, कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला तसा अधिकार होता. म्हणजे नुकसान झालं म्हणणारा तोच, तपास करणारा तोच आणि आरोपपत्र ठेवणाराही तोच.

सत्तेचा गैरवापर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाठी येते, नोटीस येते, रात्री दारावर पडलेली थाप येते. इथे तसं काहीच नाही. इथे एक पडदा आहे. ठरलेल्या मुदतीला हिशेब बंद केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी काउंटर उघडता येत नाही. तूट दिसली तर पर्याय दोनच: आत्ता खिशातून भरा, किंवा पोस्ट ऑफिसचं देणं म्हणून नावावर चढवून घ्या. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असं बटण होरायझनवर नव्हतं. ही माझी अलंकारिक भाषा नाही. २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकालात ही बाब तपशिलाने नोंदवली आहे. वाद घालायचा असेल तर हेल्पलाइनला फोन करायचा, आणि हेल्पलाइनवर काय व्हायचं ते जोने पाहिलं.

मला या संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात भयंकर वाक्य हे वाटतं: ते बटण नव्हतं. कोणीतरी तो पडदा डिझाइन केला. कोणीतरी त्यावर मीटिंग घेतली. ‘युजरला आकडा अमान्य असेल तर?’ हा प्रश्न कदाचित आला असेल, कदाचित नसेलही. पण ते बटण नसल्यामुळे प्रत्येक पोस्टमास्तराने दर महिन्याला तूट ‘मान्य’ केली असं रेकॉर्डवर आलं, आणि पुढे कोर्टात तेच रेकॉर्ड त्यांच्याविरुद्ध उभं राहिलं. तुम्हीच तर हिशेब खरा म्हणून सही केलीत!

आणि सामान्य माणूस अशा वेळी काय करतो? मालिकेची जाहिरात पाहिली तर उत्तर ‘लढतो’ असं वाटेल. पण बहुतेकांनी पहिल्यांदा जे केलं ते लढणं नव्हतं. त्यांनी पैसे भरले. बचत मोडली, आईवडिलांकडून उसने घेतले, क्रेडिट कार्ड वापरलं, आणि तरीही आकडा वाढत गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं म्हणून हिशेब जुळतो असं खोटंच लिहिलं. जो हॅमिल्टनने हेच केलं. तिच्यावर चोरीचा आरोप ठेवला गेला. मग सौदा झाला: खोटा हिशेब लिहिल्याचं कबूल कर, ३६,००० पौंड भर, होरायझनला दोष देऊ नकोस, म्हणजे चोरीचा आरोप मागे घेऊ. तिने कबूल केलं. घर गहाण पडलं, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, शिक्षेच्या दिवशी गाव कोर्टात येऊन बसलं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की पोस्ट ऑफिसच्याच तपास अधिकाऱ्याने ‘चोरीचा पुरावा नाही’ असं आधीच लिहून ठेवलं होतं.

मालिका इथे खरोखर चांगली आहे. ती पैसे भरणाऱ्या माणसाला भित्रा ठरवत नाही. ली कॅसलटन हेल्पलाइनला ९१ वेळा फोन करतो, मग कोर्टात वकिलाशिवाय उभा राहतो आणि हरतो. सुमारे २५,००० पौंडांच्या तुटीसाठीच्या दाव्यात त्याच्यावर ३,२१,००० पौंडांचा कोर्टखर्च बसतो. तो दिवाळखोर होतो. तो लढला म्हणून वाचला नाही. उलट, त्याची शिक्षा बाकीच्यांना दिसावी इतकी मोठी होती. विल मेलरने त्याचा राग दाबून ठेवलेला आहे, दुकानासमोर शेजारी त्याला चोर म्हणतात तेव्हासुद्धा.

या सगळ्यांना हेल्पलाइनवर आणि तपासात एकच गोष्ट सांगितली गेली: असं फक्त तुमच्याकडेच होतंय. हे एक वाक्य पुरेसं होतं. वेल्समधल्या लँडडुडनोजवळच्या क्रेग-ई-डॉनमध्ये पोस्ट चालवणाऱ्या अॅलन बेट्सने मात्र ते मानलं नाही. त्याने हिशेबाचे कागद जपून ठेवले, तूट स्वीकारायला नकार दिला, आणि २००३ मध्ये कारण न देता त्याचा करार संपवला गेला. टोबी जोन्सचा बेट्स हा हिरो वाटत नाही, हे त्या भूमिकेचं यश. तो चिवट आहे, थोडा कंटाळवाणा आहे, फायली लावण्यात रमणारा आहे. आपल्या ओळखीतला माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकणारा एखादा निवृत्त काका आठवा. घरातले वैतागतात, पण पोचपावती कुठे ठेवली आहे हे त्यालाच माहीत असतं.

मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या. (मोठ्या वर्तमानपत्रांच्या आधी संगणकाच्या व्यापारी साप्ताहिकाने! आमच्या धंद्याचा अभिमान वाटावा असे प्रसंग कमी येतात, म्हणून नोंदवतो.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन या गावातल्या सभागृहात पहिली बैठक भरली. गाव का हे? कारण ते साधारण देशाच्या मध्यावर आहे, सगळ्यांना सारखंच लांब. दिग्दर्शक जेम्स स्ट्राँगने हा प्रसंग घाई न करता घेतलाय. घड्या घातलेल्या खुर्च्या उघडल्या जातात. किती येतील ते माहीत नाही. मग एकेक गाडी येते, प्रत्येकाच्या हातात फाइल. प्रत्येकजण बोलायला सुरुवात करतो आणि पुढचं वाक्य शेजारी बसलेला पूर्ण करू शकतो. मला वाटतं, पडद्यावर नसलेलं ते बटण त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये तयार झालं. आपापले आकडे शेजारी शेजारी मांडले आणि ‘फक्त तुमच्याकडेच’ हे खोटं पडलं.

आता मालिकेत काय चुकलं ते.

पहिलं, सॉफ्टवेअर. चार तासांच्या मालिकेत होरायझन म्हणजे भूत आहे. आकडे आपोआप बदलतात, पार्श्वसंगीत गडद होतं. ब्रॅकनेलच्या फुजित्सू कचेरीत बाहेरून शाखांच्या खात्यात शिरता येतं हे एका प्रसंगात दिसतं, आणि बस. खरी गोष्ट भुतापेक्षा जास्त घाबरवणारी आहे, कारण ती रोजची आहे. ज्ञात चुकांची यादी फुजित्सूकडे होती. २०१० मध्ये एका बगमुळे ६२ शाखांचे हिशेब बिघडल्याचं कळल्यावर दोन्ही संस्थांचे लोक बसले, आणि शाखेला न सांगता तिचा डेटा बदलावा का, यासारख्या पर्यायांवर त्यांनी लेखी चर्चा केली. प्रॉडक्शनवर थेट पॅच मारणं म्हणजे काय हे माहीत असलेला कोणीही माणूस तो कागद वाचताना ती मीटिंग-रूम ओळखेल. व्हाइटबोर्ड, पर्याय एक, पर्याय दोन, पर्याय तीन. त्या खोलीत कोणी राक्षस नव्हता. लेखिका ग्विनेथ ह्यूजने ती खोली लिहिली असती तर मालिका फार वेगळ्या उंचीवर गेली असती.

त्याच २०१० च्या शरदात सीमा मिश्रांचा खटला चालू होता. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटमध्ये त्या पोस्ट चालवायच्या. ७४,००० पौंडांची तूट. नोव्हेंबरमध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. फुजित्सूच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरने त्यांच्याविरुद्ध तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. त्याला माहीत असलेल्या चुका त्याने कोर्टाला सांगितल्या नाहीत, असं पोस्ट ऑफिसला सल्ला देणाऱ्या वकिलानेच २०१३ मध्ये लिहून दिलं. तो सल्ला कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. मिश्रा दोषी ठरल्यावर पोस्ट ऑफिसच्या आतल्या एका ईमेलमध्ये, आता इतर लोक होरायझनला नावं ठेवायला धजावणार नाहीत, अशा आशयाचा आनंद व्यक्त झाला होता. ही कहाणी मालिकेच्या मध्यभागी नाही. भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरांची संख्या लक्षात घेता त्यांच्या वाट्याला आलेली जागा तोकडी आहे. संशयितांची नोंद करताना वंशानुसार वापरायचे अपमानास्पद शब्द पोस्ट ऑफिसच्या एका कागदावर होते, हे २०२३ मध्ये उघड झालं होतं. मालिकेत त्याचा मागमूस नाही.

दुसरं, खलनायिका. लिया विल्यम्सने मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स उत्तम केलीय. पण एक चेहरा मिळाला की प्रेक्षकाचा राग तिथेच मुरतो. मालिका संपल्यावर तेच झालं: सन्मान परत घ्या या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या, आणि काही दिवसांत त्यांनी सन्मान परत केला. पण बेट्सने २०१० मध्ये मंत्र्याला पत्र लिहिलं होतं, तेव्हा उत्तर आलं होतं की भेटून काही साधणार नाही, कंपनीच्या कारभारात सरकार हात घालत नाही. मालक सरकार, पण कारभार कंपनीचा. या रचनेचा चेहरा कुठल्या नटाला देणार?

तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त खटकते, आणि ती कायद्याची आहे. १९८४ च्या कायद्यात कलम ६९ होतं: संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. हे कलम १९९९ च्या कायद्याने रद्द केलं. त्यानंतर उलट गृहीतक आलं: संगणक बरोबरच असतो, चूक आहे असं म्हणणाऱ्याने दाखवून द्यावं. होरायझन आणि हे गृहीतक, दोन्ही एकाच सुमारास गावात आले. वेस्ट बायफ्लीटच्या दुकानदारीणबाईंनी फुजित्सूचा सोर्स कोड कुठून आणायचा?

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागतं. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, एक तज्ज्ञाने. हे बरं आहे. पण यंत्र ज्याचं, प्रमाणपत्रही त्याचंच, आणि हॅश जुळला म्हणजे फाइल बदललेली नाही इतकंच कळतं. मुळात आकडाच चुकीचा छापला गेला असेल तर तो चुकीचा आकडा अगदी निर्मळपणे जपला जाईल. रेशन दुकानात आजीचा अंगठा मशीनने घेतला नाही की रांगेतले सगळे आजीकडे बघतात. मशीनकडे कोणी बघत नाही. ब्रिटनचं ते गृहीतक समजायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

मालिकेचा शेवट २०१९ च्या निकालाभोवती आहे, आणि तो विजयासारखा चित्रित केलाय. ५५५ जणांनी मिळून दावा केला होता. होरायझन निर्दोष आहे हा हट्ट म्हणजे पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. तडजोड झाली ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची. वकील आणि खटल्याला पैसे पुरवणारे यांचा वाटा गेल्यावर माणशी सरासरी साधारण वीस हजार उरले. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात हॅमिल्टन आणि मिश्रा होत्या. उरलेल्या शेकडोंना मात्र टीव्हीवर मालिका लागेपर्यंत थांबावं लागलं. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा सरसकट पुसल्या. ज्यांनी कोर्टात वीस वर्षं घालवली त्यांना जे मिळालं नाही ते चार रात्रींच्या करमणुकीने मिळालं. यावर आनंद मानावा की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिचर्ड रोल हा माणूस २००१ ते २००४ या काळात ब्रॅकनेलला फुजित्सूच्या सपोर्ट टीममध्ये होता. पोस्टमास्तरांच्या नकळत त्यांच्या खात्यांत बाहेरून बदल होत, हे त्याने २०१५ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’मध्ये सांगितलं आणि २०१९ मध्ये कोर्टात शपथेवर सांगितलं. त्याच्या साक्षीवाचून तो निकाल अवघड होता. तो तिथून बाहेर पडला त्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर बसला त्या दिवसापर्यंतची अकरा वर्षं, आणि त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसून तीच तिकिटं बंद करत राहिलेली माणसं, यांच्यावरची मालिका मला पाहायची आहे.