डोणगावच्या लेकीचं बाळंतपण कोणत्या जिल्ह्याचं?

समजा, डोणगावची एक मुलगी मालेगावला दिली. डोणगाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. तिथून पूर्वेला गेलं की मालेगाव, म्हणजे वाशीम जिल्हा. गरोदरपणाची नोंदणी आणि सुरुवातीच्या तपासण्या सासरी झाल्या. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती सातव्या महिन्यात डोणगावला आली आणि मेहकरला बाळंत झाली. आता सांगा, हे बाळंतपण कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात धरायचं?

आरोग्यातल्या विषमतेवर संशोधन करणार असाल, तर हा प्रश्न आधी सोडवा. कारण आपल्याकडचे बरेचसे आकडे जिल्हानिहाय मिळतात आणि आपण ते तसेच उचलतो.

जानेवारी 2018 मध्ये सुरू झालेला आकांक्षित जिल्हा कार्यक्रम घ्या. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद (आता धाराशिव). बुलढाणा नाही. एकूण 49 निर्देशक, आरोग्य आणि पोषणाला 30 टक्के वजन. अभिसरण, सहकार्य आणि स्पर्धा ही त्याची तीन सूत्रं.

या कार्यक्रमाचं श्रेय आधी देऊ. मागास जिल्ह्यांचे आकडे दर महिन्याला तपासले जाऊ लागले, ही लहान गोष्ट नाही. माझा आक्षेप 'सहकार्य' या शब्दावर आहे. इथे सहकार्य म्हणजे केंद्र, राज्य आणि जिल्हाधिकारी यांचं. म्हणजे वरून खाली. शेजारच्या जिल्ह्याला त्यात जागा नाही. शेजारी एकतर स्पर्धक, नाहीतर बुलढाण्यासारखा यादीबाहेर.

याचा परिणाम आकड्यात दिसतो. एक निर्देशक आहे: अंदाजित बाळंतपणांपैकी किती दवाखान्यात झाली. छेद ठरतो जिल्ह्याच्या लोकसंख्येवरून. अंश येतो त्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या नोंदींतून. म्हणजे आपल्या मुलीचं बाळंतपण वाशीमच्या छेदात आणि बुलढाण्याच्या अंशात! वाशीमच्या आरोग्यसेविकेनं तपासण्या चोख केल्या, तरी तिच्या जिल्ह्याचा आकडा घसरला. मेहकर तालुक्यातली कुणी वाशीमला बाळंत झाली, तर उलटं. पारडं कुठे झुकतं, हे नुसत्या टक्केवारीतून कळणारच नाही.

आकडा चुकला तर एकवेळ चालेल, बाळ सुटलं तर कसं चालेल? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी 42 दिवसांत सहा भेटी द्यायच्या असतात. पेंटाव्हॅलंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना. बाळंतीण सव्वा महिन्यानं सासरी निघाली, तर शेवटची भेट आणि पहिला डोस, दोन्ही नेमके जिल्हा ओलांडताना येतात. निरोप द्यायची जबाबदारी कुणाची?

गंमत म्हणजे दोन्ही जिल्हे आरोग्य खात्याच्या एकाच अकोला मंडळात आहेत. आरसीएच पोर्टलवर प्रत्येक गरोदर मातेला स्वतंत्र क्रमांकही मिळतो. साधनं आहेत, पण शेजारच्या जिल्ह्यातली आई सांभाळल्याचा गुण कुठल्याच क्रमवारीत मिळत नाही.

म्हणून जिल्ह्यांची तुलना करण्याआधी तीन गोष्टी तपासा. नोंद राहत्या जागेनुसार आहे की घटनेच्या जागेनुसार? अंश आणि छेद एकाच स्रोतातले आहेत का? टक्केवारी शंभराच्या वर गेलीय का? गेली असेल, तर बाहेरून माणसं येतायत किंवा छेदच चुकलाय. अशा ओळी 'चुकीचा डेटा' म्हणून पुसू नका. हद्दीवरच्या गावांची गोष्ट बहुतेक तिथेच सापडेल.