गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव

संगीत रंगभूमीच्या गतवैभवाची गोष्ट निघाली कीं आपण बहुधा गाणाऱ्यांचींच नांवें घेतों. बालगंधर्वांचा कंठ ध्वनिमुद्रिकांत उतरला. त्यामुळें ज्यांनीं त्यांस पाहिलें नाहीं तेही त्यांच्याविषयीं अधिकारवाणीनें बोलूं शकतात. परंतु ज्याचें सामर्थ्य शब्दफेकींत, नजरेंत आणि नेमक्या जागीं थांबण्यांत, अशा नटाचें काय उरावें? गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांनीं 'माझी भूमिका' हें आत्मचरित्र १९४० सालीं लिहिलें खरें, पण आत्मचरित्रांत अभिनय सांठवितां येत नाहीं.

किर्लोस्कर मंडळींत तयार झालेला हा नट १९१३ सालीं बालगंधर्व व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडला आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 'मानापमाना'तील त्यांचा लक्ष्मीधर गाजला होताच. तथापि माझ्या मतें त्यांचें श्रेष्ठ काम १९१६ सालच्या 'संशयकल्लोळां'तील फाल्गुनराव हेंच. देवलांनीं हें नाटक आधीं गद्यांत लिहिलें, पदें मागाहून घातलीं. कथानक मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकाचें, आणि त्याच्याही मागें मोलिएर उभा आहे. म्हणजे नाटकाचा सांगाडा मुळांत पदांवांचून उभा राहणारा. बायकोच्या हातीं परक्या पुरुषाची तसबीर दिसते, आणि तेवढ्यावर एका गृहस्थाचा संसार डळमळूं लागतो. हा गृहस्थ हंसवावयास निघाला कीं नाटक बुडालेंच! त्याचें दुःख त्याला खरें वाटलें पाहिजे. पुढें १९१९ सालीं 'एकच प्याला'चा सुधाकर पेलणाऱ्या नटाला हें मर्म निराळें शिकवावें लागलें नसेल.

आमच्या शहापूर-मुरबाडकडील हौशी मंडळींना संगीत नाटक सुचविलें कीं उत्तर ठरलेलें: "गाणारा कुठून आणायचा?" इकडे मोठ्या शहरांतील प्रयोग पाहावे, तर पदांच्या मैफलींत फाल्गुनराव विदूषक होऊन बसतो. दोघांचीही समजूत एकच, आणि ती चुकीची. म्हशाच्या यात्रेंत तमाशाची बतावणी ऐकून मुरलेला आमचा प्रेक्षक संवादांतील खोंच तत्काळ पकडतो. लांबलेल्या आलापाला मात्र तो कंटाळतो. त्याच्यापुढें हें नाटक अवश्य करावें. अश्विनशेटाचीं निम्मीं पदें गाळलीं तरी चालेल. फाल्गुनरावाचें एक वाक्यही कापूं नये.