वहिनी उठल्या का नाहीत?

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा मुलांनी आग्रहाने आम्हां मोठ्यांनाही नेले. लातूरच्या वहिनी मध्यंतराच्या आधीच पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “हे काय मेलं बघायचं!” पण उठल्या मात्र नाहीत. त्या का उठल्या नाहीत, हाच मला समीक्षेचा खरा प्रश्न वाटतो.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट प्रथम २०१८ साली आला. भाषा हिंदी, पण पिंड मराठी. दिग्दर्शकाने नारायण धारपांच्या एका कथेचे ऋण मानलेलेच आहे. काळ १९१८ ते १९४७. संततधार पाऊस, कुजलेला वाडा आणि साखळीने जखडलेली एक म्हातारी. देवीच्या गर्भात दडलेल्या हस्तरचा स्पर्श तिला झाला आहे. आता तिला मरणही येत नाही. पुढे विनायक परततो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते आणि काळीज अजून धडधडत असते. वहिनींनी डोळे मिटले ते इथे. मिटले, आणि बोटांच्या फटीतून पाहिले.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्य खूळ. क्रोनेनबर्गच्या ‘द फ्लाय’मध्ये (१९८६) शास्त्रज्ञाची हळूहळू माशी होते, त्याचीच ही नक्कल. मला तसे वाटत नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यातले माहूर घ्या. तिथे रेणुकेचे केवळ मुख पूजिले जाते. बापाच्या आज्ञेवरून लेकाने आईचे शिर उडवले, ही कथा आजीने आम्हांला जेवता जेवता सांगितली आणि आमचा घास काही अडला नाही. अंगावर आसूड ओढणाऱ्या पोतराजाला आयाबाया सुपातून जोंधळे घालीत, तेही पोरांच्या देखतच. भरताने बीभत्साला आठ रसांत स्थान दिले आहे. आपण तो देवळात आणि कीर्तनात ठेवला, करमणुकीच्या पंगतीला मात्र बसू दिला नाही.

‘तुंबाड’ त्याला पंगतीला बसवतो, आणि तेही लोककथा, इतिहास व घरगुती संसारकथा यांच्या शेजारी. विनायक पिठाची बाहुली घेऊन त्या गर्भात उतरतो, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा लांबवतो आणि घरी येऊन चांगला गृहस्थ म्हणून मिरवतो. देह सडतो तो दुसऱ्यांचा, हे त्याचे गणित. ते चुकते तेव्हा आपण हादरतो, कारण तोवर आपणही त्याच्याबरोबर मोहरा मोजीत असतो! माझ्या मते या किळसवाण्या दृश्यांची ओढ इथे आहे. लोभ वाईट, हे कीर्तनकार सांगतोच. इथे तो कातडीवर उगवलेला दिसतो.

दोष नाहीत असे नाही. हस्तर शेवटी फार वेळ दिसतो, आणि जितका दिसतो तितका धाक उतरतो. विनायकाच्या बायकोला तर वाट पाहण्यापलीकडे फारसे कामच दिलेले नाही. उलट ती म्हातारी अर्धी अंधारात असते, म्हणून मनातून जात नाही.

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, “त्या म्हातारीचं काम केलं तरी कुणी?” धाकट्याने सांगितले: मोहम्मद समदने, म्हणजे विनायकाचा मुलगा पांडुरंग झालेल्या पोरानेच. शेवटी बापाने पुढे केलेला मोहरांचा लंगोट नाकारणारा तोच.

वहिनी कंदिलाची वात सारखी करता करता थांबल्या. म्हणाल्या, “त्याच पोरानं?” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटे काढायला लावली.